मिऱ्याची कुळे आणि व्यापाऱ्याची चाळणी

तांदूळ घ्यावयास गेलेला मराठी माणूस दुकानदाराला आंबेमोहोर आहे की कोळंबा, असे विचारल्याशिवाय राहत नाही. आंबा हातात आला की तो हापूस की पायरी हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. केळ्यांतही सोनकेळी, वेलची आणि राजेळी अशी कुळे तो जाणतो. मिऱ्याच्या बाबतीत मात्र हा चोखंदळपणा एकाएकी संपतो. मिरे म्हणजे मिरे! फार झाले तर दाणा भरीव आहे की पोकळ, एवढे बोटांनी चाचपून पाहिले जाते. ज्या जिनसेपायी जगाचे सागरी मार्ग बदलले, मलबारच्या किनाऱ्यावर आरमारे झुंजली आणि दूरदूरची राज्ये एकमेकांच्या उरावर बसली, त्या जिनसेला तिच्या भोक्त्यांनी कधी कुळ म्हणून विचारले नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

वस्तुतः मिऱ्याला कुळे आहेत, आणि ती थोडीथोडकी नाहीत. एकट्या केरळातच लागवडीतल्या वाणांची नावे शंभराच्या वर भरतात. करिमुंडा, कोट्टनाडन, कल्लुवळ्ळि, बालनकोट्टा, नारायक्कोडि, नीलमुंडी, ऐंपिरियन, कुतिरवळ्ळि अशी ही नावे आहेत. त्यांची पाने, घोस आणि दाणे निरनिराळे असतात. प्रयोगशाळेत नेल्यास त्यांचा तिखटपणा आणि सुगंधही निरनिराळ्या मापाचा भरतो. एवढे भेद जगाच्या दृष्टीआड कसे राहिले, ते कोणी सांभाळले आणि आज त्यांची किंमत काय, याचा थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रारंभ प्राचीनांपासून करावा हे उचित. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात मुझिरिस आणि नेल्किंडा या बंदरांतून मिरे जात असल्याचे नमूद आहे. ते मिरे जवळच्या कोट्टनारा नावाच्या एकाच प्रदेशात विपुल पिकते, असेही त्याने सांगितले आहे. म्हणजे मिऱ्याची ओळख तेव्हापासून प्रदेशावरून आणि बंदरावरून होऊ लागली, वेलावरून नव्हे. त्याच शतकात रोमच्या प्लिनीने मिऱ्याचे भाव नोंदवून ठेवले. पौंडाला पिंपळी १५ दिनार, पांढरे मिरे ७ दिनार आणि काळे मिरे ४ दिनार. ज्या फळाला ना गोडी ना रूप, केवळ तिखटपणा हाच ज्याचा गुण, त्याच्यासाठी लोकांनी थेट हिंदुस्थानापर्यंत जावे याचे त्याला मोठे नवल वाटत होते. नवल वाटूनही रोमचा शौक कमी झाला नाही. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात, तेथील देवळात, एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळे मिरे सापडले. पुढे ४०८ साली गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला, तेव्हा वेढा उठविण्याच्या मोबदल्यात सोन्यारुप्याबरोबर ३,००० पौंड मिरेही मागून घेतले.

मात्र एवढे मिरे खाणाऱ्या या लोकांना ते झाडावर कसे लागते याची कल्पना नव्हती. डायस्कॉरिडीझ हा त्या काळचा मोठा औषधीवेत्ता. त्याच्या मते पिंपळी, पांढरे मिरे आणि काळे मिरे ही तिन्ही एकाच झाडाची फळे. झाडाला प्रथम लांबट शेंग येते ती पिंपळी. ती उकलली की आतून दाणे निघतात. त्यांतले कच्चे ते पांढरे मिरे आणि पिकलेले ते काळे. भेद आहे तो वयाचा, असा त्याचा निर्णय. हा निर्णय चुकीचा होता. परंतु त्याच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला होता. दोन मिऱ्यांत फरक दिसला, तर तो वेलाचा, वयाचा, भूमीचा की माणसाच्या हाताचा? पुढील सुमारे दोन हजार वर्षांचा मिऱ्याचा इतिहास हा एका अर्थाने या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

या प्रश्नावरचा पहिला चांगला ऊहापोह आपल्या शेजारी, गोव्यात झाला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याचा राबता होता. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात मिऱ्यावर एक स्वतंत्र संवाद आहे. ओर्ताने प्राचीनांचा मान राखला, पण त्यांचे म्हणणे तपासून पाहिले. पिंपळी ही मुळातच निराळी वनस्पती असून तिचा आणि मिऱ्याचा वेल एक नव्हे, हे त्याने स्पष्ट सांगितले. मिऱ्याचे झाड नसून वेल असतो, तो दुसऱ्या झाडावर चढतो, हेही त्याने लिहिले. पांढऱ्या मिऱ्याच्या बाबतीत मात्र तो घसरला. काळ्या आणि पांढऱ्या द्राक्षांच्या वेलींत जेवढा फरक, तेवढाच फरक काळ्या आणि पांढऱ्या मिऱ्याच्या वेलांत असतो, असे त्याला वाटले. हा तर्क बरोबर नाही. काळे आणि पांढरे ही दोन्ही मिरी एकाच वेलाची. हिरवे घोस खुडून उन्हात वाळवले की सालीतील द्रव्यांवर हवेची क्रिया होऊन ती काळी पडते आणि सुरकुतते. तेच दाणे पिकू देऊन, पाण्यात कुजवून साल काढून टाकली की आतला पांढरा गर उरतो. हा फरक वयाचा आणि हाताचा; वेलाचा नव्हे.

असे असले तरी ओर्ताची उपमा वाया गेली असे आम्हांस वाटत नाही. द्राक्षाप्रमाणे मिऱ्याच्या वेलांतही जाती असू शकतात हा विचार त्याच्या उपमेत प्रथम आला. त्याने तो चुकीच्या जागी लावला इतकेच.

ओर्तानंतर शतकभराने कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेड याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा वनस्पतिकोश सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला प्रसिद्ध झाला. आपल्या वाचकांस या ग्रंथाविषयी विशेष आपलेपणा वाटावा असे एक कारण आहे. वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य जसा होता, तसेच रंगभट्ट, विनायक पंडित आणि आपूभट्ट हे तिघे कोकणी ब्राह्मणही होते. त्यांनी दिलेले प्रमाणपत्र कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेले आहे. या कोशाच्या सातव्या खंडात मिऱ्याचा वेल ‘मोलगो-कोडि’ या मलयाळी नावाने आला. ‘कोडि’ म्हणजे वेल. ग्रंथ लॅटिन, छपाई हॉलंडची. पण नाव मात्र मळ्यात राबणाऱ्याच्या तोंडचे ठेवले, हा व्हान रेडचा मोठेपणा.

पुढे १७५३ साली लिनियसने मिऱ्याला ‘पायपर नायग्रम’ असे शास्त्रीय नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. या नामकरणाने शास्त्राची सोय झाली यात शंका नाही. परंतु अनेक प्रकरणे एकाच शीर्षकाखाली एका फाइलीत बांधली, की त्यांतले भेद हळूहळू दिसेनासे होतात, हा आम्हां कारकुनी करणाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. मिऱ्याच्या शंभर वेलांचे तसेच झाले.

हे वेल मुळात निराळे झाले कसे, हे समजावयास वेलाचा स्वभाव थोडा पाहिला पाहिजे. सह्याद्रीच्या दक्षिणेकडील रानांत मिरे आजही रानटी स्थितीत आढळते. रानटी वेलांत बहुधा नर वेल निराळा आणि मादी वेल निराळा असतो. मळ्यातल्या वेलांवर मात्र एकाच घोसात, एकाच फुलात दोन्ही लिंगे नांदतात. अशा फुलांना परागासाठी दुसऱ्या वेलाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून घोस अधिक भरतो. ज्या कोण्या प्राचीन माळ्याने रानात हिंडताना भरघोस घोसांचा वेल हेरला आणि त्याचा फाटा आणून आपल्या दारच्या पांगाऱ्याच्या मुळाशी रोवला, त्याने नकळत हीच निवड केली. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्याची निवड मात्र आपण रोज खातो.

मिऱ्याची लागवड बियांवरून करीत नाहीत. बियांपासून आलेले रोप आईसारखे निघेलच असा भरवसा नसतो, आणि ते फळावर येण्यासही उशीर लागतो. म्हणून बुंध्याजवळून जमिनीवर सरपटत जाणारे फुटवे घेऊन त्यांची कलमे करतात. फाट्यापासून वाढलेला वेल हा मूळ वेलाचाच पुढचा देह असतो. यामुळे एकदा हेरलेला गुण शेकडो वर्षे जसाच्या तसा टिकतो. मधूनच पक्ष्याने टाकलेल्या बीपासून एखादे नवे रोप उगवते; घरधन्याला त्यात काही विशेष दिसले तर तो त्याचे फाटे लावतो, शेजाऱ्याला देतो, आणि त्याला एक नाव चिकटते. कधी गावाचे, कधी घराण्याचे, कधी रंगारूपाचे. ‘करि’ म्हणजे काळा, ‘वेळ्ळ’ म्हणजे पांढरा, ‘चेरिय’ म्हणजे लहान. वेळ्ळनंबन या वाणाचा कोवळा शेंडा फिका, पांढुरका असतो, तर इतर अनेकांचा जांभळट. बालनकोट्ट्याचे पान मोठे आणि लोंबते. कुतिरवळ्ळीचा घोस लांब. ही नावे म्हणजे कोणा पंडिताने रचलेला कोश नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निरक्षर राहिलेल्या लोकांनी तोंडी सांभाळलेले ते निरीक्षणाचे दप्तर आहे.

हे दप्तर व्यापाऱ्याने मात्र कधी उघडून पाहिले नाही. घाटापासून बंदरापर्यंत मिरे येई ते वजनावर विकले जाई, आणि वजनकाट्याला कुळ कळत नाही. पोर्तुगीजांच्या काळात तर या अनास्थेने टोक गाठले. १५०३ साली कोचीनला ठरलेला मिऱ्याचा भाव त्यांनी पुढे दीर्घकाळ तसाच रेटला. उत्तम माल आणि हीन माल यांना एकच भाव मिळतो असे दिसल्यावर पिकवणाऱ्याने उत्तम माल का द्यावा? पोर्तुगीजांच्या वखारींत ओले, कच्चे, मातीमिश्रित मिरे येऊ लागले, आणि चांगले मिरे आडवाटांनी अधिक दाम देणाऱ्या इतर व्यापाऱ्यांकडे गेले. लिस्बनला पोहोचेपर्यंत त्या ओल्या मालाचे वजन घटे आणि तक्रारींची भर पडे. किंमत ठरविणाऱ्याने गुणाकडे डोळेझाक केली की गुणही त्याच्याकडे पाठ फिरवतो, हा धडा मिऱ्याच्या इतिहासाइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे मिळत असेल.

पुढच्या व्यापाराने प्रतवारी आणली, परंतु तीही चाळणीची. मिऱ्याच्या जागतिक बाजारात आजही तेल्लिचेरी हे नाव मोठ्या मानाने घेतले जाते. पुष्कळांची समजूत अशी, की तेल्लिचेरी ही मिऱ्याची जात आहे. ती जात नाही. ते एका बंदराचे नाव आहे, ज्याला आज आपण तलश्शेरी म्हणतो. बाजारच्या परिभाषेत या नावाचा अर्थ प्रामुख्याने दाण्याच्या जाडीचा आहे. ॲगमार्कच्या प्रतवारीत ४.२५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला तेल्लिचेरी दाणा ‘एक्स्ट्रा बोल्ड’ ठरतो, आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेला त्याहून वरचा. मलबारचे साफ केलेले मिरे ‘गार्बल्ड’ या नावाने विकले जाते. हा इंग्रजी शब्दही मूळचा अरबी असून त्याचा अर्थ चाळलेले असाच आहे. चाळणीतून पडले ते धूळ, देठ आणि पोकळ दाणे. परंतु वेलाचे नावही त्यांच्याबरोबरच गळून पडले.

चाळणीला दाण्याचा आकार कळतो, दाण्याच्या आत काय आहे ते कळत नाही. ते कळावयास एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्र यावे लागले. विद्युत आणि चुंबकत्व यांचे नाते उघड करणारा डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड याने १८१९ च्या सुमारास मिऱ्यातून त्याचे तिखट द्रव्य वेगळे काढले. तेच पायपरीन. मिऱ्याचा तिखटपणा मुख्यतः या द्रव्याचा. मिऱ्याचा वास मात्र याचा नव्हे. तो उडून जाणाऱ्या तेलाचा. त्या तेलात पायनीन, सॅबिनीन, लिमोनीन, कॅरिओफायलीन अशी अनेक द्रव्ये असतात, आणि त्यांची प्रमाणे वाणागणिक बदलतात. तिखटपणा आणि वास या मिऱ्याच्या दोन स्वतंत्र देणग्या आहेत, आणि ज्या वेलाला एक भरभरून मिळाली त्याला दुसरी तितकीच मिळते असे नाही.

विसाव्या शतकात वाणवार परीक्षणे झाली, तेव्हा हे फार सुंदर रीतीने दिसून आले. कोट्टनाडन या दक्षिण केरळातील वाणात पायपरीन सुमारे साडेसहा टक्के भरते, आणि तिखट व सुगंध मिळून जो अर्क निघतो, ज्याला उद्योगात ओलिओरेझिन म्हणतात, तो सतरा टक्क्यांच्या पुढे जातो. परंतु त्यातले सुगंधी तेल अडीच टक्क्यांच्या आसपासच. उलट करिमुंड्यात पायपरीन साडेचार टक्क्यांहून किंचित कमी, पण तेल चार टक्क्यांच्या घरात. म्हणजे जिभेला झोंबावयाचे असेल तर कोट्टनाडन, आणि नाकाला सुखवावयाचे असेल तर करिमुंडा. वाळवल्यावर शंभर किलो हिरव्या दाण्यांतून किती मिरे हाती लागावे, हेही वाणावर अवलंबून असते. ते साधारण एक तृतीयांश भरते, पण एखाद्या वाणात तीस किलोच्या खाली जाते तर एखाद्यात चाळिशीच्या वर. दाणा मोठा म्हणून तो वजनदार असेलच असे नाही, आणि वजनदार म्हणून तो तिखट असेलच असेही नाही. शेकडो वर्षे वजनकाटा आणि चाळणी यांवर विसंबलेल्या व्यापाराला हा मोठाच शह होता. पिकवणारा मात्र आपल्या परसातील कोणता वेल औषधाला चांगला आणि कोणता विकावयास चांगला, याचा विवेक नावांच्या आधारे पूर्वीपासून करीत आला होता.

येथे ओर्ताच्या द्राक्षांची पुन्हा आठवण होते. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शिराझ जातीच्या द्राक्षांत मिऱ्यासारखा वास का येतो याचा छडा लावला. त्याला कारण असलेले रोटुंडोन हे द्रव्य द्राक्षात तर होतेच, पण काळ्या मिऱ्यात ते कितीतरी अधिक होते. मिऱ्याच्या वेलाला द्राक्षवेलीची उपमा देणाऱ्या त्या वैद्याला हे कळते, तर त्याने आपल्या ग्रंथात आणखी एक संवाद नक्कीच घातला असता.

आता भूमीचा प्रश्न. केरळात एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे. पोर्तुगीज मिऱ्याचे वेल आपल्या देशी नेत आहेत, अशी तक्रार कोळिकोडच्या सामुतिरीकडे आली. त्यावर दरबारातून उत्तर मिळाले, की ते आपले वेल नेतील, पण आपला तिरुवातिर ञाट्टुवेला कोठून नेतील? तिरुवातिर म्हणजे आर्द्रा. मृगानंतर आर्द्रा लागते आणि पाऊस धरतो, हे गणित आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही परके नाही. या आख्यायिकेत मिऱ्याचे मर्म आहे. पहिल्या पावसाने वेलाला नवे फुटवे येतात, त्यांवर घोस धरतात, आणि घोसावरून ओघळणारे पाणी परागकण खालच्या फुलांपर्यंत नेते. पाऊस नसेल तर वेल असून उपयोग नाही.

मात्र इतिहासाने या उत्तराचा अर्धाच भाग खरा ठरवला. जगात इतरत्रही तसा पाऊस पडतो. सुमात्रातील लांपुंग, बांका बेट आणि सारावाक येथे मिरे रुजले. १९३३ साली जपानी वसाहतवाल्यांनी सिंगापूरहून वीसेक फाटे ब्राझीलला नेले. त्यांतले जेमतेम दोन-तीन जगले, आणि तेवढ्यांवरून ॲमेझॉनच्या खोऱ्यातील तोमे-आसू येथे मळेच्या मळे उभे राहिले. आज मिऱ्याच्या उत्पादनात व्हिएतनाम जगात अग्रेसर आहे. ज्या भूमीत मिरे जन्मले, ती नव्हे. सामुतिरीच्या दरबाऱ्यांना हे ऐकवले असते तर त्यांना ते खरे वाटले नसते.

परंतु त्या उत्तराचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी आहे. ज्यांनी वेल नेले त्यांनी दोन-चार कुळेच नेली. ब्राझीलचे मळे मूठभर फाट्यांची संतती. फाट्याची संतती म्हणजे तोच देह, तेच गुण आणि तेच दोष. १९५० च्या दशकात तेथील मिऱ्याची मोठी भरभराट झाली, आणि त्याच दशकाच्या अखेरीपासून फ्युसेरियम या बुरशीचा रोग मळ्यांत शिरला. सगळेच वेल एका कुळाचे. जो रोग एकाला मारू शकला, तो सर्वांनाच मारू शकला. पुढील काही वर्षांत तोमे-आसूचे मळेच्या मळे उजाड झाले आणि शेतकऱ्यांना इतर झाडांकडे वळावे लागले.

आपल्याकडेही रोग नव्हता असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वायनाडात वेल एकाएकी मरू लागले, तेव्हा मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांच्याकडे चौकशी आली. १९०५ साली तळिपरंबा येथे मिऱ्यासाठी सरकारी मळा सुरू झाला, आणि १९०६ साली बार्बरने लागवडीतील वाणांवर आपले टिपण प्रसिद्ध केले. रोगाचा शोध घ्यावयास निघालेल्या माणसाला प्रथम वाणांची नावे लिहून घ्यावी लागली, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जे दप्तर व्यापाऱ्याने उघडले नव्हते, ते संकटाने उघडावयास लावले.

पुढे १९५२ साली, मलबार जिल्हा अद्याप मद्रास राज्यात असताना, तळिपरंब्याजवळ पन्नियूर येथे मिरे संशोधन केंद्र स्थापन झाले. येथे उदिरनकोट्टा आणि चेरियकणियक्काडन या दोन देशी वाणांचा संकर करून पन्नियूर-१ हा मिऱ्याचा पहिला संकरित वाण तयार करण्यात आला. यातील उदिरनकोट्टा हा बहुतांशी मादी फुलांचा वेल. एकट्याने विशेष न फळणारा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने तो कुचकामीच. परंतु अशा वेलाशी घातलेल्या संकरातून जगाला लांब घोसांचा, जाड दाण्यांचा, भरघोस पिकणारा वाण मिळाला. तो केरळाबाहेर कर्नाटकात गेला, आणि कोकणातल्या नारळी-पोफळींच्या बागांतही पोहोचला.

पन्नियूरचे यश निर्विवाद आहे. त्याने त्याच्या मर्यादा झाकू नयेत. हा वेल मोकळ्या उन्हात खुलतो, दाट सावलीत मिटतो. केरळातील जुन्या परसांत मात्र आंबा, फणस, नारळ यांच्या गर्दीतच मिरे चढवलेले असते, आणि तेथे लहान दाण्यांचा करिमुंडा निमूटपणे पीक देत राहतो. एकाला श्रेष्ठ ठरवून दुसऱ्याला काढून टाकण्याचा हा विषय नव्हे. परंतु बाजाराचा ओढा नेहमी एकाकडेच असतो. जाड दाण्याला भाव मिळाला की परसातला जुना वेल उपटला जातो. वेल गेला की पाच-पंचवीस वर्षांत त्याचे नाव घेणारी पिढीही जाते. रोग पुन्हा येतोच. मुळाकडून वेलाला कुजवून मारणारा मर रोग आजही दक्षिणेतल्या मळ्यांवर दर पावसाळ्यात टपून असतो.

अशा वेळी उपाय कोठून आला, ते पाहण्यासारखे आहे. कोळिकोड येथील भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेने या रोगाला काही अंशी दाद न देणारे जे वाण दिले, त्यांतील ‘तेवम’ हा तेवनमुंडी या देशी वाणातून निवडलेला, तर ‘शक्ती’ हा पेरांब्रमुंडी या देशी वाणाच्या बियांपासून आलेल्या रोपांतून निवडलेला. ही दोन्ही नावे मोठ्या बाजारात कधी कोणी ऐकलेली नव्हती. एकट्या करिमुंड्यातूनच निवडून ‘श्रीकरा’ आणि ‘शुभकरा’ असे दोन वाण काढण्यात आले, म्हणजे एका नावाखालीही पोटभेद होते. आज या संस्थेच्या संग्रहात मिऱ्याचे दोन हजारांहून अधिक नमुने जतन करून ठेवलेले आहेत. रानातले, परसातले, नाव असलेले आणि नसलेलेही. सामुतिरीच्या दरबारचे उत्तर आज द्यावयाचे झाले, तर ते पावसाऐवजी या संग्रहाकडे बोट दाखवून द्यावे लागेल. परक्यांनी वेल नेले. वेलांचे गोत मात्र येथेच राहिले.

मग डायस्कॉरिडीझपासूनच्या त्या प्रश्नाचे उत्तर काय? वय म्हणावे तर ते खरे आहे. त्याच वेलाचे दाणे चार-पाच महिन्यांचे असताना खुडले तर त्यांत तेल आणि अर्क यांचे प्रमाण अधिक मिळते. पुढे दाणा भरतो तसा त्यात पिठाचा अंश वाढत जातो. भूमी म्हणावी तर तेही खरे, कारण एकाच वाणाचे तिखट ठिकाणपरत्वे कमीजास्त भरते. हात म्हणावा तर काळे आणि पांढरे हा भेद हातानेच केलेला आहे. या तिन्ही गोष्टी व्यापाराला थोड्याफार कळत होत्या. न कळलेला चौथा धागा वेलाचा. तोच बाकीच्या तिघांच्या मुळाशी आहे, आणि तेवढाच एकदा तुटला की पुन्हा जोडता येत नाही.

मिरचीचे उदाहरण येथे सहज मनात येते. पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेल्या त्या नव्या तिखटाला आपण मिऱ्यावरून मिरची म्हटले. मलयाळी लोकांनीही मिऱ्याचा ‘मुळकु’ हा शब्द तिला देऊन टाकला, आणि जुन्या मिऱ्याला ‘नल्लमुळकु’, म्हणजे चांगला मुळकु, असे विशेषण लावून वेगळे काढले. नावाची अशी देवघेव दोन्ही भाषांत झाली. परंतु आपण मिरचीच्या जाती ब्याडगी, लवंगी, संकेश्वरी अशा नावांनिशी ओळखू लागलो, आणि आधी आलेल्या मिऱ्याला मात्र बिननावाचेच ठेवले.

नोकरीनिमित्त आपल्यापैकी पुष्कळांची बदली कधी ना कधी कोचीन, कोळिकोड किंवा कण्णूरला होते. तेथून सुट्टीवर येताना मिऱ्याची पुडी आणण्याचा प्रघात आहेच. ती पुडी दुकानातून न घेता एखाद्या घराच्या परसातून घेता आली तर वेलाखाली उभे राहून त्याचे नाव विचारावे. घरातले वडीलधारे माणूस ते नाव सांगेल, बहुधा आणखी दोन-तीन वेलांची नावेही सांगेल, आणि कोणता वेल कोणाच्या हातचा हेही सांगेल. ते सर्व पुडीवर लिहून ठेवावे. पुडी संपेल, नाव उरेल.